साडेसहा किलोचं पागोटं

आमच्या घराण्यात कोणी काय केलं याची यादी फार छोटी आहे. कोणी काय केलं नाही, याची मात्र माझ्या काकांना तोंडपाठ होती. आमच्या घराण्यात कोणी दुकान घातलं नाही. कोणी परक्यासाठी चूल पेटवली नाही. कोणी हॉटेलात जेवलं नाही. हे शेवटचं ते पापनाशम् स्टेशनाबाहेरचे दोन वडे खाऊन घरी आल्यावरही सांगत, आणि तेव्हा त्यांच्या शर्टाला वड्याचा वास येत असे. तिथल्या तालुका कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली त्यांनी, पण बोलणं ऐकाल तर वाटावं, तंजावरचा दरबार काल संध्याकाळीच उठलाय आणि हे तिथून थेट घरी जेवायला आलेत.

यादीतलं अजून एक कलम खास माझ्यासाठी होतं. आमच्या घराण्यात कोणी डावरं नव्हतं.

मी डावरी. लहानपणी पंगतीत मीठ वाढायला घेतलं की काका पानावरून डोळे न उचलता म्हणायचे, "हात बदल. हे तुझ्या आईकडचं." मी हात बदलायची आणि मीठ भाताऐवजी लोणच्यावर सांडायचं. पुढे मी मद्रासला शाळेत रसायन शिकवलं, डाव्या हाताने फळे भरले, मुलांना काही फरक पडला नाही. आईच्या दुखण्यासाठी म्हणून कुंभकोणला परत आले. आई गेली. मी राहिले. आता पन्नाशीला दोन वर्षं कमी आहेत, लग्न केलं नाही, आणि केक करून विकते. म्हणजे घराण्याची दोन कलमं मी एकटीने मोडली. हॉटेलात तर जेवतेच, ते धरलं तर तीन.

घर एकच, वाटे दोन. वरचा मजला माझ्या वडिलांकडून माझ्याकडे आला, खालचा काकांचा. वर माझ्या स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे आहेत. चैत्र लागला की तिथे बटरक्रीम उभं राहत नाही, मीही धड उभी राहू शकत नाही. शिवाय जिना. एवढासा, मध्येच काटकोनात वळणारा. त्या वळणावर माझा एका रिसेप्शनचा तीन मजली केक भिंतीला घासला आणि पायऱ्यांवरून खाली गेला. मी तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले, आणि खालून काकांचा आवाज आला, "काय सांडलं?"

खाली मात्र रस्त्याला लागून एक खोली होती. भिंती हातभर जाड, पुढे ओटा, भर वैशाखातही आत पाय गार पडायचे. काका तिला कचेरी म्हणत. 'दरबारी कागदपत्रं' ठेवायची खोली. आत होती एक मोडकी आरामखुर्ची, चाकं नसलेली सायकल आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. विजेच्या बिलाहून जुना कागद तिथे मी पाहिला नाही. कुलूप मात्र जबरदस्त, आणि किल्ली काकांच्या जानव्याला. ते खाकरले तरी ती वाजायची. मला ती खोली हवी होती. रस्त्याने जाताना त्या बंद दाराकडे पाहिलं की मला इथे ओव्हन, इथे फ्रिज, इथे काचेचं कपाट असं दिसायला लागायचं, आणि मग वर जाऊन मी पत्र्याखाली उगाच भांडी आपटायची.

चार वेळा मागितली. चारही वेळा एकच उत्तर. आमच्या घराण्यात कोणी परक्यासाठी चूल पेटवली नाही.

"ओव्हन आहे, काका. चूल नव्हे."

"तेच ते."

माझं गिऱ्हाईक पुढच्या दाराने आलेलं त्यांना चालत नसे. चोळपुरमहून बायकोसाठी केक न्यायला स्कूटरवर येणारा बिचारा नवरा मागच्या बोळात उभा राही, आणि मी न्हाणीघराशेजारून खोका त्याच्या हातात देई. शेजाऱ्यांना काका सांगत, पोरीला हौस आहे. अठ्ठेचाळिशीतली पोर.

मग काकांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. इथले लोक त्याला सदाभिषेकम् म्हणतात. ऐंशी पार केलेल्या नवऱ्याला बायकोसकट पाटावर बसवायचं, कलशांनी न्हाऊ घालायचं, मंत्र, दक्षिणा, जेवणावळ. तेवढ्यावर भागलं असतं. पण काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, पुण्यात असतो. दादाने व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं की सकाळी विधी, संध्याकाळी पार्टी, आणि पार्टीला केक. साधा नव्हे, आकाराचा.

वहिनी पुण्याचीच. तिला आमचं मराठी ऐकलं की भरून येतं. "किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी ऐतिहासिक मालिकेतल्यासारखं," असं ती दर खेपेला म्हणते, आणि आम्ही सगळे हसतो आणि आपसात तमिळमध्ये जे बोलायचं ते बोलून घेतो. तिने फोनवर पुणेरी पगडीच्या केकचा फोटो दाखवला. बाबांच्या घराण्याची शान, म्हणाली.

काकांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हे आमचं नव्हे," ते म्हणाले. "आमचं पागोटं. आमच्या पणजोबांचं. महाराज त्यांच्यावाचून जेवायला बसत नसत."

हे वाक्य आम्ही जन्मल्यापासून ऐकत होतो. पणजोबा दरबारात नेमके कोण होते, हे विचारलं की काका म्हणत, मोठे मानकरी. त्यापुढे दरवाजा बंद. पागोटं देवघरात, लाल कापडात बांधलेल्या लांबट पेटीत होतं. ती पेटी कोणी उघडायची नाही. खंडेनवमीला काका तिची बंदच पूजा करत, तिच्यावर फुलं वाहत. आदल्या दिवशी फक्त काकू ती परसात घेऊन जायची, दार लोटून घ्यायची, आणि अर्ध्या तासाने परत आणायची. त्या दिवशी तिच्या हातांना चिंचेचा वास यायचा. मला वाटे, समया घासल्या असतील.

त्या कॉलवर मी संधी साधली. साक्षीला पुणं होतं.

"पागोटं करते," मी म्हटलं. "साडेसहा किलोचं. चांगलं झालं तर खालची खोली द्यायची."

काकांनी चष्मा काढून पुसला. मुलगा बघत होता, सून बघत होती. मग ते म्हणाले, "पाहून माणसाचे हात आपोआप जोडले जावेत, असं होईल तर देईन."

दादाने तिकडून टाळ्या वाजवल्या. त्या अटीत खोट आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पागोट्याचा केक करायचा तर पागोटं दिसायला नको? पेटी उघडू द्या म्हटलं, तर काकांनी अशी नजर टाकली की मी विषय सोडला. म्हणाले, मी सांगतो ना. आणि सांगितलं की. रंग कुसुंबी. वेढे नऊ. कडेला चार बोटं जर. पुढे तुरा. दुसऱ्या दिवशी वेढे अकरा झाले आणि तुरा डाव्या बाजूला गेला. मी आपली वहीत लिहून घेत होते. बातमी नातेवाइकांत पसरली तशी इतरांनाही आठवायला लागलं. मद्रासच्या आत्यांनी फोन करून सांगितलं की पागोटं हिरवं होतं, त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. काकांचे तंजावरचे एक मामेभाऊ म्हणाले, पांढरं, आणि त्यात गोळी शिरल्याचं भोक होतं. ते भोक केकमध्ये दिसायला हवं, एवढा त्यांचा आग्रह. न पाहिलेल्या वस्तूबद्दल माणसं इतकं ठामपणे भांडू शकतात, हे मला शाळेत शिक्षकांच्या बैठकीतसुद्धा दिसलं नव्हतं.

मी काकांचं प्रमाण धरलं. किल्ली त्यांच्याकडे होती.

अंडं अर्थातच नाही. दही आणि आटवलेल्या दुधाचा स्पंज, त्यात कॉफीचं दाट डिकॉक्शन, मध्ये गनाश, म्हणजे साय घातलेल्या चॉकलेटचा मऊ थर. पहिला केक मी घुमटासारखा कोरला, त्यावर फॉन्डंटचे, म्हणजे मळलेल्या साखरेच्या लगद्याचे, पीळ गुंडाळले. दिसायला म्हणाल तर भाताच्या पातेल्यावर टॉवेल बांधून ठेवावा तसं. दुसऱ्याच्या पोटात आधाराला काहीच नव्हतं, तो मधोमध बसला. तिसऱ्यात मी जाड स्ट्रॉ कापून उभे रोवले, मधे लाकडी काठी घातली, पीळ मळताना त्यात थोडा डिंक घातला, आणि एकेक वेढा आतून बाहेर न घेता खालून वर चढवत नेला. तेव्हा कुठे ते डोक्यावर बांधतात तसं दिसायला लागलं. जर म्हणून सोनेरी पूड लिंबाच्या अर्कात कालवून बारीक कुंचल्याने रेघ रेघ ओढली. पत्र्याखाली पंखा लावता येत नव्हता, पूड उडायची. घाम नाकाच्या शेंड्यावरून पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधून काम केलं. मीच त्या दिवसांत पागोट्यात होते.

काकू रोज दुपारी वर यायची, कोरून उरलेले केकचे तुकडे वाटीत घेऊन खायची. फार बोलत नाही ती. एकदा माझा कलथा पिठल्यासाठी खाली घेऊन गेली आणि लगेच परत घेऊन आली.

"मजला चालत नाही हा," म्हणाली. "उलट्या कोपऱ्याला झिजलाय. कढई खरवडतच नाही."

खरंच होतं. उजव्या हाताची माणसं खरवडतात तेव्हा कलथ्याचा डावा कोपरा गोल होतो. माझ्याकडचा प्रत्येक कलथा उजव्या कोपऱ्याला झिजतो. मी म्हटलं, आईकडचं आहे ते. काकू हसली नाही. तिने पागोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकांनी असंच सांगितलं? नऊ वेढे?"

"आधी नऊ. मग अकरा."

"सरी," म्हणाली. पुण्याकडे 'बरं' म्हणतात तसं आम्ही 'सरी' म्हणतो. पण त्या एका शब्दात तिने काय काय गिळलं, ते मला तेव्हा कळलं नाही. वाटी घेऊन खाली गेली.

कार्याच्या दिवशी सकाळी मांडव दोन गल्ल्या पलीकडच्या छोट्या कल्याणमंडपात, लग्नाच्या हॉलात. काका-काकू पाटावर, काकू नव्या कोऱ्या नऊवारीत लाकडासारखी ताठ. लाल कापडातली पेटीसुद्धा देवांच्या शेजारी चौरंगावर आणून ठेवली होती, मानाने. शास्त्रीबुवांनी काकांना नवं जानवं घालायला दिलं. जुनं काढण्याआधी काकांनी किल्ली सोडवली, दोन गाठी मारून नव्या जानव्याला बांधली, ओढून पाहिली. इतका एकाग्र त्यांचा चेहरा मंत्रांच्या वेळीसुद्धा नव्हता.

दुपारी चारला पागोटं खाली आणायचं होतं. जिन्याच्या वळणावर मी पुढे उभी राहून इंच इंच सांगत होते. दादा आणि स्वयंपाक्याची तीन माणसं, असे चौघं फळीला. वळण पार झालं तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि खरा गोंधळ तिथून पुढे झाला.

मी चूक केली ती ही. फळी जड होती म्हणून मी ती चौघांना खांद्यावर घ्यायला लावली. धूळ बसू नये म्हणून मी वर आईची जुनी जरीची शाल छत्रासारखी धरली. आता कुंभकोणात चार माणसांनी खांद्यावर काही घेतलं आणि वर जर चमकली, तर बघणारा आधी हात जोडतो आणि मग कोणता देव ते विचारतो. कोपऱ्यावरच्या फुलवालीने मूठभर मोगरा टाकला. एक म्हातारा सायकलवरून उतरला. तिरुनागेश्वरमला निघालेली यात्रेकरूंची एक आख्खी रांग थबकली, आणि त्यातल्या बाईने लेकराचं डोकं धरून खाली वाकवलं. मंडपाच्या दारात सकाळचे नागस्वरवाले, म्हणजे इथले सनईवाले, बिदागीसाठी थांबले होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं आणि सवयीने वाजवायला सुरुवात केली.

माझ्या मनात लाडू फुटत होते. हात जोडले जात होते ना? अगदी आपोआप. मी काकांकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते आणि त्यांचेही हात जोडलेले होते.

पुढे पंधरा मिनिटांत मद्रासच्या आत्यांनी, हिरव्या रंगाचा हट्ट सोडून, पागोट्याला कुंकू लावलं. कोणी अक्षता टाकल्या. कोणी कापूर लावला. वहिनीने 'आठ' आणि 'शून्य' अशा मेणबत्त्या आणल्या होत्या. ती त्या वर खोचायला गेली तर तीन म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या, पागोट्याला आग लावतेस? शेवटी त्या एका केळ्यात खोचल्या. काकांना फुंकर मारा म्हटलं तर ते म्हणाले, दिवा फुंकून विझवायचा नसतो, आणि अन्नावर फुंकायचं नसतं. मग शेवंतीच्या फुलाने ज्योत टिपली. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना.

वहिनीने काकांच्या हातात रिबीन बांधलेली सुरी दिली.

काकांनी पागोट्याकडे पाहिलं. सुरीकडे पाहिलं. शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"वाडवडिलांच्या पागोट्याला," शास्त्रीबुवा सावकाश म्हणाले, "आयुष्य चिंतायच्या दिवशी शस्त्र लावणं," आणि एवढं बोलून दुसरीकडे पाहायला लागले. वाक्य पुरं न करण्याचीच त्यांना दक्षिणा असावी.

काकांनी सुरी दादाला दिली. दादाने, मी मुलगा, मी कसं बापाच्या हयातीत, म्हणून आत्यांकडे. आत्यांनी मामेभावांकडे. जो तो सुरी पुढच्याला अशी देत होता, जणू तिला खाजकुयली लागली होती. साठ माणसं कागदी बशा धरून उभी. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. पाचच मिनिटांत फॉन्डंटवर पाण्याचे थेंब आले.

"बघा, पागोट्याला घाम आला," एक म्हातारी भक्तीने म्हणाली आणि गालांवर चापट्या मारून घेतल्या.

मला दिसत होतं ते वेगळंच. वरचा वेढा केसभर सरकला होता. आतलं गनाश मऊ पडत होतं. अजून अर्धा तास, आणि काकांच्या ऐंशीच्या कार्यात पणजोबांचं पागोटं सगळ्यांसमोर मान टाकणार होतं. मी काकांच्या जवळ गेले. "काका, कापायला हवं. पडेल."

काकांनी घसा खाकरला. किल्ली वाजली. "पागोटं उत्तम जाहलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण केक म्हणजे कापून वाटायची वस्तू. ही कापता येत नाही. म्हणजे केक काही जाहला नाही. खोलीचं पुढे पाहू."

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. संताप आला. तीन आठवडे मी पत्र्याखाली शिजले होते. हात जोडले गेले पाहिजेत म्हणाले, जोडले गेले. इतके जोडले गेले की आता कापायला एकही मोकळा राहिला नव्हता. माझ्या तोंडात एक चांगला खणखणीत तमिळ शब्द आला, तो मी साठ पाहुण्यांखातर गिळला. आत कुठेतरी त्या खोलीचं दार, काचेचं कपाट, सगळं मिटून गेलं.

तेव्हा काकू पाटावरून उठली. एका हाताने गुडघा धरून, सावकाश. चौरंगापाशी गेली, लाल कापडाची गाठ सोडली, आणि पेटी उघडली.

"अग," काका म्हणाले. एवढंच.

आत कलथा होता. पितळेचा, हातभर दांड्याचा, चिंचेने घासून घासून लख्ख झालेला. एक धागा नव्हता पागोट्याचा. काकूने तो दोन्ही हातांनी बाहेर काढला.

"दांड्यावर मोडीत लिहिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज साठ माणसांत मी प्रथमच ऐकत होते. "मुदपाक. लग्नाच्या वर्षी ह्यांनीच वाचून दाखवलं मजला."

मुदपाक म्हणजे राजवाड्याचं स्वयंपाकघर, हे आमच्यात पोरासोरालाही ठाऊक. बरोबरच होतं काकांचं. महाराज त्यांच्यावाचून जेवायला बसत नसत. कसे बसतील, स्वयंपाक तेच करत होते.

काकूने कलथा काकांपुढे धरला. "कापा. हे शस्त्र नव्हे."

मला वाटलं, आता हे चिडतील. ऐंशी वर्षांची इभ्रत एका कलथ्यावर येऊन बसली होती. पण काकांनी तो घेतला. उजव्या हातात धरून पागोट्यावर टेकवला, दाबला. पात्याचा गोल झालेला कोपरा वेढ्यावरून घसरला. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा घसरला. मी वाकून पातं पाहिलं. उजवा कोपरा झिजला होता.

"उजव्या हातात चालत नाही तो," काका म्हणाले. सगळ्यांना नव्हे, मलाच. "लहानपणी चोरून धरून पाहिलाय मी." आणि कलथा माझ्याकडे केला. मी घ्यायला सवयीने उजवा हात पुढे केला. लहानपणापासून पंगतीत मीठ वाढलेली सवय ती.

"हात बदल," काका म्हणाले.

मी हात बदलला. दांडा डाव्या मुठीत बसला तो असा, जसा रोजचाच असावा. एक कोपरा गोल, दुसरा अजून धारदार, आणि ती धार मला जिथे हवी तिथेच. पहिला वेढा कापला, दुसरा, स्ट्रॉ चुकवत तळापर्यंत नेला आणि पहिला तुकडा सरळ काकांच्या बशीत ठेवला. डाव्या हाताने. माझे डोळे भरून आले होते, आणि पुढचे चार-पाच तुकडे जरा वाकडेच निघाले.

काकांनी तो तुकडा संपवला, मग अजून एक मागितला. तो संपल्यावर बशी खाली ठेवली, शर्टाच्या आत हात घातला, आणि सकाळी मारलेल्या दोन गाठी सोडत बसले. नखं म्हातारी, गाठी नव्या. बराच वेळ लागला. मी मदत केली नाही. शेवटी किल्ली निघाली, घामाने ओली. ती त्यांनी माझ्या बशीत, गनाशच्या शेजारी ठेवली आणि हात धुवायला गेले.

आता त्या खोलीत माझा ओव्हन आहे, फ्रिज आहे, काचेचं कपाट आहे. आरामखुर्ची दुरुस्त करून ओट्यावर ठेवली, तिच्यात काका बसतात. चोळपुरमचा नवरा पुढच्या दाराने येतो आणि केक बांधून होईपर्यंत त्याला ऐकून घ्यावं लागतं की आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राजांसाठी स्वयंपाक झाला, की आमच्या घराण्यात ऐऱ्यागैऱ्याच्या हातचं कोणी खाल्लं नाही, की आमच्या घराण्यात दर दोन पिढ्यांनी एक डावरं निपजतंच, ती खूण आहे. यादी तीच, फक्त उलटी केली. एक दिवसही लागला नाही त्यांना. पाटीवर 'दरबारी' हा शब्द हवा म्हणून सध्या माझ्याशी भांडण चालू आहे. मी ऐकणार नाही.

काकूला मी एकदा विचारलं. दुपार होती, काका आत निजले होते, ती नेहमीसारखी वाटीत तुकडे घेऊन रस्त्याकडच्या ओट्यावर बसली होती. म्हटलं, अठ्ठावन्न वर्षं तुला माहीत होतं. मी चार वेळा खोली मागितली, चार वेळा तेच ऐकून घेतलं, हात बदल, हात बदल ऐकत लहानाची मोठी झाले. एकदा तरी सांगायचंस.

तिने वाटीतला तुकडा संपवला.

"मजला घासायला तेवढं सांगितलं होतं," ती म्हणाली. "उघडून दाखव, असं कोणी सांगितलं नव्हतं." वाटी कडेला ठेवली. "मीही विचारलं नाही. चूक जाहली."

मी तिच्या वाटीत आणखी दोन तुकडे टाकले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. ती उठली, आत गेली, चिंचेचा गोळा आणि तो कलथा घेऊन आली, आणि दोन्ही माझ्यासमोर ओट्यावर ठेवले.

"यंदा तू घास," म्हणाली. "आणि परसात नको जाऊस. इथेच बस."